नसलेला पूल
(धनज येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पत्रिकेत विषयाचं नाव जरा जडच छापलं गेलं आहे : 'खुल्या लोकनकाशातील माहितीच्या पडताळणीचे नियम'. ते वाचूनही एवढी मंडळी आली, याचं मला नवल वाटतं. म्हणून आधी विषय सोपा करतो.

ओपनस्ट्रीटमॅप नावाचा जगाचा एक नकाशा आहे. तो कोणत्याही सरकारचा नाही आणि कोणत्याही कंपनीचाही नाही. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली लंडनमध्ये तो सुरू केला. ब्रिटनच्या सरकारी नकाशाची माहिती तेव्हा दाम मोजल्याशिवाय वापरता येत नसे, हे त्यामागचं एक कारण. आपणच फिरू, आपणच नोंदवू आणि सगळ्यांना फुकट वापरू देऊ, एवढीच मूळ कल्पना. आज तुमच्या हातातल्या मोबाईलमधली कितीतरी अ‍ॅप्स, कुरिअरवाल्यांचे मार्ग, पुराच्या वेळी मदत पथकांच्या हातात येणारे नकाशे या माहितीवर चालतात. त्यात धनज बुद्रुकची शाळा, बसथांबा, देऊळ, विहीर तुमच्यापैकी कुणीही घालू शकतो. परवानगी लागत नाही, शुल्क नाही, पदवी नाही.

आता कुणीही लिहू शकतो म्हटलं की कुणीही चुकीचं लिहू शकतो, हे ओघानं आलंच. मग चूक पकडायची कुणी? माणसं पुरत नाहीत. म्हणून संगणकाला नियम शिकवले जातात : अमुक दिसलं तर शंका घे, तमुक दिसलं तर थांबव. हे नियम कसे असावेत, यावर आज बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना बसची घाई असेल त्यांना निघता येईल. वाईट नियम चूक पकडायला कमी पडतो, हे दुःख लहान आहे. वाईट नियम नवी चूक जन्माला घालतो आणि ती चूक दिसायला अगदी बिनचूक असते, हे दुःख मोठं आहे.

नकाशाची पडताळणी ही संगणकासोबत आलेली गोष्ट नाही. इथून फार लांब जायला नको, वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला जा. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घालणारा विल्यम लॅम्बटन तिथं १८२३ साली वारला. १८०२ मध्ये मद्रासजवळ साखळ्यांनी जमिनीवर एक आधाररेषा मोजून त्यानं काम सुरू केलं होतं आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकत इथवर आला होता. त्याच्या पद्धतीत तपासणी मुळातच शिवलेली होती. त्रिकोणाच्या तिन्ही टोकांवर जाऊन तिन्ही कोन मोजायचे. दोन मोजले की तिसरा वजाबाकीनं मिळतो, पण तो मोजायचाच. तिघांची बेरीज १८० अंशांना, पृथ्वीच्या गोलाईमुळे येणारी किंचित वाढ धरून, जुळली पाहिजे. नाही जुळली तर पुन्हा टेकडी चढा. शिवाय शेकडो मैल त्रिकोणांची साखळी आणल्यावर शेवटच्या त्रिकोणाची बाजू गणितानं काढायची आणि मग तीच जमिनीवर साखळीनं प्रत्यक्ष मोजायची. दोन आकड्यांतला फरक म्हणजे सगळ्या कामाची परीक्षा.

यात दोन जातींचे नियम आहेत. कोनांची बेरीज हा कागदावर बसून तपासता येणारा नियम आहे. शेवटची आधाररेषा हा जमिनीवर जाऊनच तपासता येणारा नियम आहे. लॅम्बटनकडे दोन्ही होते. आजच्या लोकनकाशात पहिल्या जातीचे नियम ढिगानं आहेत आणि दुसऱ्या जातीची आठवण क्वचित होते.

पहिल्या जातीचे नियम टाकाऊ आहेत असं नाही. वाशीम जिल्ह्यातल्या आपल्या कारंजा तालुक्याचे अक्षांश-रेखांश ढोबळमानानं साडेवीस आणि साडेसत्याहत्तर. नोंद करताना ते उलटसुलट पडले, म्हणजे साडेसत्याहत्तर उत्तर अक्षांश आणि साडेवीस पूर्व रेखांश झाले, तर आपण नॉर्वेच्याही उत्तरेला स्वालबार्ड बेटांजवळच्या बर्फाळ समुद्रात जाऊन पडतो. ही चूक भारताची चौकट आखून क्षणात पकडता येते. पण त्याच चौकटीला आपलं कारंजा लाड आणि वर्धा जिल्ह्यातलं कारंजा घाडगे यांतला घोटाळा कळत नाही, कारण दोन्ही भारतातच आहेत. मालेगावचंही तसंच, एक आपल्या जिल्ह्यातलं आणि एक नाशिकचं. त्यासाठी चौकट लहान करावी लागते : हा ठिपका ज्या तालुक्याच्या हद्दीत पडतो, तोच तालुका नोंदीत लिहिला आहे का? तिथंही सावधगिरी लागते. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. जुन्या कागदावरून माहिती उचलणारा माणूस आजही जिल्हा अकोला लिहून जातो. इथं नियमानं 'चूक' म्हणून अंगावर ओरडू नये, 'ही नोंद १९९८ पूर्वीच्या कागदावरून घेतली का?' असं विचारावं. चुकीचा उगम सांगणारा नियम दुरुस्ती सोपी करतो.

पिनकोड घ्या. संस्कृतचा मोठा पंडित आणि डाक खात्यातला अधिकारी असलेल्या श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसानं ही पद्धत आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती लागू झाली. सहा आकडे, पहिला शून्य नाही, आपल्या भागात सुरुवात ४४४ नं. कारंज्याचा ४४४१०५. वेलणकरांनी आकड्यांतच भूगोल भरून ठेवला, त्यामुळे पडताळणी करणाऱ्याचं काम अर्धं झालं. यवतमाळचा ४४५ नं सुरू होणारा पिन धनजच्या दुकानाला लागला तर संगणक हटकू शकतो. पण ४४४१०५ ऐवजी ४४४१०७ पडलं, म्हणजे मूर्तिजापूरचं, तर आकार बरोबर, सुरुवात बरोबर, पत्र मात्र भलत्या गावी. नियमाची धाव कुठं संपते हे नियम लिहिणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ओपनस्ट्रीटमॅपच्या मुख्य सर्व्हरवर स्वतःचे असे सक्तीचे नियम फार थोडे आहेत. एका रेषेत दोन हजारांहून जास्त बिंदू नकोत, एका नोंदीत २५५ हून जास्त अक्षरं नकोत, एका वेळच्या बदलसंचात दहा हजारांहून जास्त बदल नकोत, रेषेत वापरलेला बिंदू अस्तित्वात हवा. असं थोडकंच. तुम्ही विहिरीला शाळा म्हटलं तरी सर्व्हर ते निमूट घेतो. बाकी सगळी पडताळणी सल्ल्याच्या स्वरूपात बाहेर बसलेली आहे. जोसम या संपादन-प्रोग्रॅममधला तपासनीस माहिती पाठवण्यापूर्वी चुका, इशारे आणि सूचना अशा तीन पायऱ्यांत यादी देतो. ब्राउझरमध्ये चालणारा आयडी संपादक काम चालू असतानाच पिवळा त्रिकोण दाखवतो. ऑसमोज नावाचं फ्रेंच मंडळींनी उभं केलेलं साधन माहिती जमा झाल्यावर मागाहून चाळणी लावतं. पण हे सगळे सल्लागार आहेत, फौजदार कुणीच नाही. मला ही रचना शहाणपणाची वाटते. सर्व्हरनंच कडक नियम लावले असते तर लंडनच्या गल्लीत बसवलेल्या व्याख्यांत आपली पांदण, आपला रपटा, आपला गोठा कधी शिरलाच नसता.

आता रपट्याकडे येतो, कारण आजच्या व्याख्यानाचं शीर्षक तिथून आलं आहे.

एक माणूस संगणकासमोर बसला आहे. पुण्यात असेल, बर्लिनमध्ये असेल. पडद्यावर उपग्रहानं टिपलेलं छायाचित्र, बहुधा एप्रिल-मे महिन्यातलं, कारण तेव्हा ढग नसतात. काळी जमीन, त्यात बैलगाडी-ट्रॅक्टरच्या चाकोरीच्या दोन फिकट रेषा, आणि त्यांना आडवी जाणारी बाभळींची नागमोडी रांग. बाभळींच्या रांगेत नाला आहे, हे तो बरोबर ओळखतो. चाकोरीवर टिचक्या मारत तो रस्ता काढतो, नाला काढतो आणि 'जतन करा' दाबायला जातो. त्रिकोण उगवतो : रस्ता आणि जलप्रवाह एकमेकांना छेदतात. खाली उपाय सुचवलेले असतात, त्यात 'पूल घाला' असं बटणच असतं. तो ते दाबतो. त्रिकोण मावळतो. यादी रिकामी होते आणि माणसाला बरं वाटतं.

नाल्यावर पूल आलेला असतो. नकाशात.

जमिनीवर काय असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. कुठं सिमेंटचा बसका रपटा, पाणी वरून जाणारा. कुठं दोन नळ टाकलेली मोरी. कुठं काहीच नाही, उन्हाळ्यात कोरड्या वाळूतून गाडी जाते आणि जुलैत एका रात्रीच्या पावसानं पलीकडचं शेत दोन दिवस तुटतं. मार्ग काढणाऱ्या अ‍ॅपला हा फरक फक्त नोंदीवरून कळतो. पूल म्हटला की तो बारमाही वाट धरतो आणि बाळंतिणीला घेऊन निघालेल्या गाडीला बिनदिक्कत त्या दिशेला पाठवतो. नकाशात पूल नसता, दोन रेषा नुसत्या एकमेकींवरून गेल्या असत्या, तर निदान एक उघडी शंका शिल्लक राहिली असती. पुढचा कुणी तरी ती बघून थबकला असता. नियमानं शंका पुसली आणि तिच्या जागी खोटं उत्तर बसवलं. आता ते उत्तर कुठल्याच तपासणीत सापडणार नाही, कारण ते सगळ्या नियमांत बसतं.

दोष त्या माणसाचा नाही. त्याला दिलेल्या पर्यायांत 'मला माहीत नाही' हा पर्याय ठळकपणे समोर नव्हता. जो नियम 'माहीत नाही' हे उत्तर स्वीकारत नाही, तो माणसाला अंदाज करायला भाग पाडतो, आणि अंदाज एकदा माहितीच्या रकान्यात शिरला की त्याच्या कपाळावर 'अंदाज' असं लिहिलेलं नसतं.

मी हा नियम कसा लिहीन? पहिलं, त्याची पायरी खाली आणीन. शेतरस्ता किंवा गावरस्ता पावसाळी नाल्याला छेदत असेल तर ही चूक नव्हे, अपुरी माहिती आहे. राज्यमार्ग बारमाही नदीला छेदत असेल आणि पूल नसेल तर मात्र इशारा, कारण तिथं पूल असण्याची शक्यता खरोखरच दाट आहे. दुसरं, मजकूर बदलीन : 'इथं रस्ता पाणी ओलांडतो. कसा, ते तुम्ही पाहिलं आहे का? पूल, मोरी, रपटा, की नुसताच पाण्यातून? पाहिलं नसेल तर तसंच सोडा.' ओपनस्ट्रीटमॅपच्या शब्दकोशात या चारही गोष्टींसाठी नोंदी आहेत, रपट्यासारख्या बुडणाऱ्या पुलासाठीसुद्धा वेगळी खूण आहे आणि नाला हंगामी असल्याचंही लिहिता येतं. तिसरं, तो प्रश्न मी खुर्चीतल्या माणसाला न विचारता वाटेवरच्या माणसाला विचारीन. स्ट्रीटकम्प्लीट नावाचं अ‍ॅप हेच करतं : तुम्ही जिथं उभे आहात तिथला अडलेला प्रश्न फोनवर दाखवतं आणि तुम्ही बघून उत्तर देता. आणि चौथं, एक उलटा नियम लिहीन. शेतरस्त्यावरचे आखूड पूल, एकाच बदलसंचात एकाच माणसानं डझनानं घातलेले, आणि स्रोत म्हणून फक्त उपग्रहचित्र लिहिलेलं, असे सगळे शोधून काढणारा. हा नियम जमिनीवरच्या चुका शोधत नाही, आमच्याच जुन्या नियमांनी पाडलेला कचरा शोधतो. असे झाडूछाप नियम फारसे कुणी लिहीत नाही. त्यात कौतुक नाही ना.

पाण्याचंच आणखी एक. नकाशात प्रवाहाची रेषा पाणी ज्या दिशेला वाहतं त्या दिशेनं काढायची असा संकेत आहे. दोन प्रवाह समोरासमोर येऊन टक्कर देत असतील तर संगणक हटकतो, आणि हा नियम मला मनापासून आवडतो. आपला जिल्हा पाणलोटाच्या कण्यावर बसला आहे. काटेपूर्णेचं पाणी पूर्णेतून तापीला आणि अरबी समुद्राला जातं, तर अडाण, पैनगंगा यांचं पाणी गोदावरीच्या वाटेनं बंगालच्या उपसागराला. माथ्यावरच्या एखाद्या लहान ओढ्याची रेषा उलटी काढली तर त्याचा समुद्रच बदलतो. मग पुढं कुणी म्हणेल, उंचीचे आकडे फुकट मिळतात, त्यावरून उताराविरुद्धची प्रत्येक रेषा आपोआप उलटवून टाकू. तिथं मी हात धरीन. जगभरासाठी मिळणारे ते आकडे ढोबळमानानं तीस-तीस मीटरच्या चौकोनांचे असतात. सपाट काळ्या रानात अशा चौकोनातून नाल्याचा उतार दिसत नाही, बांधावरच्या झाडांची उंची मात्र दिसते.

नावांबद्दल बोलायला वेगळं व्याख्यान लागेल. एकच उदाहरण देतो, कारण ते आपल्या शेजारचं आहे. अमरावती जिल्ह्यात कुऱ्हा नावाचं गाव आहे. पुण्याजवळ गोऱ्हे आहे. हा जो अर्धा र आपण ह ला आणि य ला जोडतो, तो संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात र च्या जागी खालच्या टिंबाचा ऱ वापरतात, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त देऊन पुढं डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. आता परदेशातल्या कुण्या नीटनेटक्या माणसानं नियम केला की नावांत अदृश्य चिन्हं म्हणजे कचरा, ती काढून टाका. इंग्रजी, जर्मन नावांसाठी नियम रास्त आहे. आपल्याकडे मात्र तो चालला की कुऱ्ह्याच्या ह वर रफार चढून बसतो आणि गावाचं नाव असं दिसतं की गावकऱ्यालाही वाचताना ठेच लागावी. शिवाय गावाचं नाव एका तऱ्हेनं साठवलेलं आणि तुम्ही दुसऱ्या तऱ्हेनं शोधलं तर साध्या शोधाला ते सापडेलच असं नाही. म्हणून इथला योग्य नियम 'चिन्ह काढा' हा नव्हे. मराठीत त्या चिन्हाची जागा कुठं आहे हे ओळखून, दोन्ही लेखनं शोधात एक धरा, असा तो हवा. असा नियम लिहायला मराठी येणारं माणूसच लागतं. उन्हाळी सुट्टीत करायला हे काम उत्तम आहे, मागच्या रांगेतल्या विद्यार्थ्यांना सांगून ठेवतो.

एवढ्यावरून कुणाला वाटेल की हा माणूस कडक नियमांच्या विरोधातच आहे. तसं नाही. समृद्धी महामार्ग घ्या. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, शेवटचा इगतपुरी ते आमणे ५ जून २०२५ रोजी. आपल्या कारंजा तालुक्यातून तो जातो. त्यावर चढता-उतरता येतं ते ठरावीक ठिकाणीच, बाकी गावरस्ते त्याच्या पोटाखालून किंवा वरून जातात. समजा शेतरस्ता आणि महामार्ग जिथं एकमेकांवरून जातात तिथं कुणी दोघांचा सामाईक बिंदू केला. झालं, अ‍ॅपच्या लेखी तिथं चौक तयार! ताशी १२० किलोमीटरनं येणाऱ्या गाडीला ते म्हणेल, 'इथं डावीकडे वळा.' तिथं कठडा आहे आणि खाली बोगदा आहे. द्रुतगती मार्गाची आणि शेतरस्त्याची गाठ कधीच एका बिंदूत पडू नये, हा नियम मी पहिल्या पायरीवर, लाल अक्षरांत ठेवीन. कारण त्याला अपवाद जवळजवळ नाही आणि चुकलं तर जीव जातो. नियमाचा कडकपणा या दोन गोष्टींवरून ठरावा : अपवाद किती, आणि चुकीची किंमत काय. नियम लिहिणाऱ्याला चूक किती कुरूप वाटते, यावरून ठरू नये. बरेच नियम दुर्दैवानं त्यावरूनच ठरतात. घराचे कोपरे काटकोनात नाहीत म्हणून बोंबलणारा इशारा त्यातलाच. गावठाणातल्या एका जुन्या वाड्याचा एक तरी कोपरा काटकोनात दाखवा मला.

नियमानं कुठं थांबावं, त्याचंही एक उदाहरण घ्या : मूर्तिजापूर-कारंजा-दारव्हा-यवतमाळ अशी जाणारी आपली शकुंतला रेल्वे. अडीच फुटी रुळांची गाडी, आता बंद. रस्ता रुळांना छेदतो तिथं फाटक असलंच पाहिजे, असा नियम नकाशाला लागू होतो. बंद पडलेल्या मार्गावर तोच नियम चालत राहिला तर माणसं गवतात हरवलेल्या रुळांवर फाटकं उभारत बसतील. मार्ग वापरात नाही ही नोंद झाली की नियमानं गप्प बसायला शिकलं पाहिजे.

इथवर नियमांच्या मजकुराबद्दल बोललो. खरी गंमत प्रक्रियेत आहे आणि तिचा नमुना तुमच्या चावडीत गेली कित्येक वर्षं आहे : फेरफार.

शेत विकलं, वारस लागला, की तलाठी गाव नमुना ६ मध्ये नोंद धरतो. ती सातबाऱ्यावर लगेच चढत नाही. संबंधितांना नोटीस जाते, चावडीवर लागते, हरकतीला १५ दिवसांची मुदत असते. नोंद धरतो तलाठी, प्रमाणित करतो मंडळ अधिकारी. हरकत आली तर ती नमुना ६-अ मध्ये, वादग्रस्त प्रकरणांच्या वेगळ्या नोंदवहीत जाते, सुनावणी होते. नामंजूर झालेली नोंदसुद्धा फाडून टाकत नाहीत. ती तिच्या क्रमांकासह राहते.

जगभरच्या नकाशा-प्रोग्रॅमरांनी हे वाचावं अशी माझी फार इच्छा आहे. लिहिणारा आणि तपासणारा वेगळा. हरकतीला हक्काची जागा. वाद आहे ही गोष्टसुद्धा माहिती म्हणून जपलेली. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये यातलं बरंच आहे. प्रत्येक बदलसंचाला क्रमांक असतो, त्यावर कुणीही प्रश्न विचारू शकतो, जुना इतिहास पुसला जात नाही. आपत्तीच्या वेळी नकाशे करणाऱ्या ह्यूमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीमच्या पद्धतीत एक जण चौकोन रेखाटतो आणि दुसरा, अनुभवी, तो तपासून हिरवा करतो. पण क्रम उलटा आहे. फेरफारात आधी तपासणी, मग प्रसिद्धी. लोकनकाशात आधी प्रसिद्धी, मग जमेल तेव्हा तपासणी. फेरफार महिनोनमहिने लटकतो तेव्हा काय होतं, हे इथं प्रत्येक घराला माहीत आहे, म्हणून सगळा नकाशा त्या पद्धतीनं चालवावा असं मी म्हणणार नाही. नव्या चहाच्या टपरीला १५ दिवसांची नोटीस नको. जिल्ह्याची हद्द सरकवायची असेल, किंवा एका फटक्यात पाचशे गावांची नावं बदलायची असतील, तर मात्र हवी. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये यंत्रानं घाऊक बदल करण्यापूर्वी चर्चा करावी असा दंडक आहे, तो याच जातीचा.

आणि दुसरा नमुना त्याहून ताजा आहे. ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकरी स्वतः आपल्या मोबाईलवरून पिकाची नोंद करतो, बांधावर उभं राहून फोटो काढतो. लोकांनी गोळा केलेली स्थळाची माहिती म्हणतात ती हीच, आणि ती महाराष्ट्राच्या प्रत्येक गावात घडते आहे. शासनानं शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित मानली आणि त्यातल्या दहा टक्के नोंदी तलाठ्यानं तपासाव्यात असं ठेवलं. ऑगस्ट २०२२ च्या नव्या आवृत्तीत चुकलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करायची सोय आली, आणि फोटो काढताना शेतकरी गटापासून लांब असला तर तसा संदेश दाखवायची सोयही आली. माणसावर आधी विश्वास, मग नमुन्याची तपासणी, आणि स्वतःची चूक स्वतः सुधारायला मुदत. कागदावर ही रचना मला फार सुंदर वाटते.

अडचण अंतराच्या नियमात आहे आणि ती भूमितीची आहे. सुरुवातीला हे अंतर गटाच्या मध्यबिंदूपासून धरलं गेलं. आता एक हेक्टरचं चौकोनी शेत घ्या, शंभर मीटर बाय शंभर मीटर. त्याच्या कोपऱ्यात उभं राहिलात तरी मध्यबिंदू सुमारे ७१ मीटरवर. तेच एक हेक्टर भावाभावांच्या वाटणीत लांबट झालेलं घ्या, २५ मीटर बाय ४०० मीटर. धुऱ्याच्या टोकाला, आपल्याच पिकात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला मध्यबिंदू २०० मीटरवर पडतो. शंभर मीटरची मर्यादा घातली तर चौकोनी शेताचा मालक शेजारच्या बांधावरूनही पास होतो आणि पट्टीवाला स्वतःच्या तुरीत उभा राहून नापास. ज्यांच्या जमिनी वाटण्या होऊन चिंचोळ्या झाल्या त्यांच्यावरच नियम घसरतो, आणि ते बहुधा लहान शेतकरी असतात. उपाय अवघड नाही : अंतर मध्यबिंदूपासून न मोजता गटाच्या हद्दीपासून मोजा, आणि मोबाईलची स्वतःची चूक, जी झाडाखाली दहा-वीस मीटरचीही होते, तेवढी सूट द्या. पण हद्दींचे नकाशे नीट नसतील तर मध्यबिंदूच हाताशी असतो, हेही खरं. नियम नेहमी हाताशी असलेल्या माहितीवर बसतो. त्याला जी माहिती हवी होती ती त्याच्याकडे नसते.

दहा टक्क्यांबद्दलही दोन शब्द. ते दहा टक्के कसे निवडायचे? संशयित नोंदी निवडल्या तर चुका जास्त सापडतील, पण एकूण माहिती किती खरी हे कधीच कळणार नाही. चिठ्ठ्या टाकून निवडल्या तर एकूण खरेपणा कळेल, पण लबाडी निसटेल. म्हणून थोड्या अशा आणि थोड्या तशा घ्याव्यात, आणि दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवावेत. लोकनकाशातही हेच करावं असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. पोकेमॉन गो हा मोबाईल खेळ ओपनस्ट्रीटमॅपची माहिती वापरायला लागला तेव्हा खेळात जास्त प्राणी मिळावेत म्हणून काही खेळाडूंनी नसलेली उद्यानं आणि नसलेल्या वाटा रेखाटल्या. रेषा बिनचूक, नोंदी व्यवस्थित, एकही इशारा नाही. संशयाच्या चाळणीतून असला माल सरळ खाली उतरतो. चिठ्ठी टाकून काढलेल्या दहांत एक सापडला तरी पुढचा माग निघतो.

विद्यार्थ्यांपैकी कुणी नियम लिहिणार असेल तर एक कामाची सवय सांगतो. नियम सुचला की लगेच लोकांसमोर ठेवू नका. आधी तो आपल्या जिल्ह्याच्या आजच्या नकाशावर चालवा. ओव्हरपास टर्बो नावाच्या संकेतस्थळावर असा शोध घेता येतो. जितक्या जागा सापडतील त्यांतल्या शंभर चिठ्ठ्या टाकून निवडा आणि एकेक डोळ्यांनी बघा, ओळखीच्या गावांतल्या असतील तर फोन करून विचारा. पाचांत एकाहून जास्त खोटा बोभाटा निघाला तर तो नियम नवशिक्यांना दाखवू नका, हे माझं माप आहे, तुमचं वेगळं असू शकतं. ऑसमोजमध्ये 'हा इशारा चुकीचा आहे' असं सांगायची सोय आहे, मॅपरूलेट या दुसऱ्या साधनात 'ही अडचण नाही' असं बटण आहे. ती बटणं कुठं जास्त दाबली जातात, ते बघत जा. एखाद्या जिल्ह्यातून एकाच नियमावर सारखं ते बटण दाबलं जात असेल तर त्या जिल्ह्यातली माणसं काही तरी सांगताहेत.

शेवटी पांदणीकडे, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या गावच्या वाटेकडे येतो, कारण सभेपूर्वी दोघांनी मला त्याबद्दलच गाठलं. भूमी अभिलेखच्या गावनकाशात तुटक दुहेरी रेषेनं गाडीमार्ग दाखवलेला असतो, साडेसोळा ते एकवीस फुटांचा, आणि तुटक एकेरी रेषेनं पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. जमिनीवर जाऊन बघावं तर पांदण दोन्हीकडून नांगरत नांगरत अर्धी गिळलेली, कुठं पूर्णच. ओपनस्ट्रीटमॅपचा मूळ दंडक असा की जमिनीवर दिसतं तेच काढायचं. मग गिळलेली पांदण काढायची की नाही? काढली तर नकाशा खोटा, कारण तिथून माणूस जाऊ शकत नाही. नाही काढली तर अतिक्रमण करणारा उद्या मोबाईल दाखवून म्हणेल, 'बघा, इथं रस्ता नाहीच.' यावर नियम करा असं मला त्या दोघांनी सांगितलं. मी करणार नाही. लोकनकाशा हा हक्काचा पुरावा नाही आणि त्याला तसा होऊही देऊ नये. तो निवाडा तहसीलदारासमोर व्हायचा आहे. नकाशात मी एवढंच करीन : पांदणीचा जेवढा भाग चालता येतो तेवढा काढीन, ती जिथं तुटते तिथं रेषा थांबवीन, आणि त्या टोकावर टीप ठेवीन की गावनकाशात वाट पुढं आहे, जमिनीवर अमुक तारखेला आढळली नाही. 'रस्ता अर्ध्यात संपतो' असा इशारा संगणक देईल. देऊ द्या. तो विझवायला पुढची रेषा जोडू नका आणि मागची पुसूही नका. पावसाळा संपल्यावर, खरिपाची काढणी झाली की, तुमच्यातले चार जण तिथं पुन्हा जा आणि तारीख बदला.